हरण्यातली मजा

पुतण्याला हल्ली वेळ बराच असतो. त्याने माझ्या कॉम्प्युटरवर 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' नावाचा खेळ घालून दिला. "काका, तुम्हाला सात बुटके मिळतील. त्यांच्याकडून डोंगरात किल्ला खोदून घ्यायचा."

"आणि जिंकायचं कसं?"

"जिंकायचं नसतंच. हरेपर्यंत खेळायचं."

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी २००६ साली हा खेळ लोकांपुढे आणला. 'हरण्यात मजा आहे' हे त्याचं ब्रीद. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. म्हणजे मी हरतो ते कलेसाठीच म्हणायचं!

तीन किल्ले घालवल्यावर नवशिक्याला सल्ला द्यायचा अधिकार मला नक्कीच आहे. तेव्हा ऐका. जमिनीत पाण्याचा थर असेल तिथे मुक्काम ठोकू नये, खोदताच पाझर फुटतो. तटबंदीचा थाट नंतर, शेती आधी. आणि दारू गाळायची सोय सगळ्यांत आधी, कारण ती मिळाली नाही की बुटक्यांची कामं रेंगाळतात. हुकूम सोडता येत नाही, नुसती 'इथे खोदा' अशी खूण करायची. बुटका जेवून, झोपून, गप्पा मारून सवडीने येतो. ज्यांनी कचेरीत वर्षं काढली आहेत, त्यांना हे शिकवायला नको.

तिसऱ्या किल्ल्यात मी नदीचं पाणी आत आणायला पाट खोदायला घेतला. पाणी अडवणारं दार बसवायचं तेवढं राहून गेलं. शेवटचा घाव ज्याने घातला त्याची माहिती मी आदल्या रात्री सहज वाचली होती. त्याला मांजरं आवडत, आणि तीही त्यांच्या अलिप्तपणासाठी. पहिला वाहून गेला तो तोच.

किल्ला बुडाला. मी आळस देत म्हटलं, "हरलो, पण मजा आली!"

भाजी निवडत बसलेली बायको म्हणाली, "कुणाला?"

झोप उडाली ती उडालीच. हरण्याची मजा खुर्चीवर बसणाऱ्याला, पाणी मात्र खणणाऱ्याच्या नाकातोंडात. 'अपयशातून माणूस शिकतो' हे वाक्य खोटं नाही. फक्त शिकणारा कोण आणि फी भरणारा कोण, हे त्यात सांगितलेलं नसतं.

कारण दोन वर्षांपूर्वी याच पुतण्याला मी म्हणालो होतो, "सोड ती नोकरी! धंदा कर! फार तर काय, हरशील!" धंदा बसला. कर्जाचे हप्ते तो अजून भरतोय. मी मात्र ती हकीकत लग्नाकार्यात अनुभव म्हणून सांगतो.

म्हणून नवशिक्याला शेवटचा सल्ला. स्वतः बुडायचं असेल तर खुशाल बुडावं, पण दुसऱ्याला खोदायला पाठवण्याआधी पाण्याला दार बसवावं.

या महिन्याचा हप्ता मी भरला. पुतण्याने चमकून विचारलं, "काका, हे काय अचानक?"

म्हटलं, "दार बसवतोय. उशीर झालाय जरा."