नाव सांगा, जोडून देतो

चहाचं आधण ठेवलं आणि मोबाइलमधल्या एआय सहायकाला सांगितलं, "जवळपास कल्हई करणारा शोधून दे." सासूबाईंची दोन पितळी पातेली माळ्यावरून काढली होती. आतली कल्हई पार उडालेली. चिंचेची आमटी त्यात ठेवली तर कळकणारच. चहाला उकळी यायच्या आत तीन नावं हजर. पहिला एमआयडीसीतला इलेक्ट्रोप्लेटिंगचा कारखाना, दुसरं तांब्याच्या बाटल्या विकणारं भेटवस्तूंचं दुकान आणि तिसऱ्यापुढे शेरा, 'कायमचे बंद'.

हसू आलं, पण त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. तो बिचारा गल्लीबोळांतून फिरत नाही, एका यादीला विचारतो. कोणता व्यवसाय, कुठे, किती किलोमीटरच्या आत, एवढाच त्याचा प्रश्न. यादी नाव, पत्ता, फोन, उघडायची वेळ आणि लोकांनी दिलेले तारे परत पाठवते. त्यातलं त्याला बरं वाटेल ते तो आपल्यापुढे ठेवतो. अशी साधनं एआयला जोडण्याची एक सामाईक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिक कंपनीने २०२४च्या नोव्हेंबरात जाहीर केली. त्यामुळे यादी आपण उघडायची गरज उरली नाही. यंत्र ती वाचतं आणि आपल्याला निकाल सांगतं.

टेलिफोनची पहिली डिरेक्टरी निघाली ती अमेरिकेतल्या न्यू हेवनला, २१ फेब्रुवारी १८७८ रोजी. पुठ्ठ्याचा एकच कागद, त्यावर ५० नोंदी, आणि नंबर मात्र एकही नाही. टेलिफोन केंद्रावरच्या माणसाला नाव सांगायचं, तो जोडून द्यायचा. मधल्या कोणाला तरी सांगून मोकळं व्हायचं, या जागी आपण जवळजवळ दीडशे वर्षांनी परत आलो आहोत. फरक एवढाच, की त्या माणसाला विचारायला नावं पन्नास होती.

मधल्या काळात जाडजूड डिरेक्टऱ्या आल्या. लहान मुलाला टेबलाशी जेवायला बसवताना खाली ठेवायला त्यांचा फार उपयोग. त्यातल्या पिवळ्या पानांवर धंद्यांची वर्गवारी असे आणि आपलं नाव वर यावं म्हणून लोक दुकानाचं नाव 'ए-वन' ठेवत. आता दुकानाच्या नावातच 'निअर मी' घालणारे आहेत. यादी बदलली, खोड तीच. पण पिवळ्या पानांवर प्लंबर शोधताना शेजारचा पिठाच्या गिरणीवालाही नजरेला पडायचा, आणि नंबर चुकीचा निघाला तर "जुनी आहे डिरेक्टरी" म्हणून आपण सोडून द्यायचो. सहायक तीनच नावं सांगतो आणि अशा ठाम आवाजात सांगतो, की चौथं असेल असं मनातही येत नाही.

मला चौथं नाव भाजीवाल्या मावशींनी सांगितलं. "वहिनी, तो दर गुरुवारी शाळंच्या भिंतीला बसतो की!"

गेले. जमिनीत खळगा करून भट्टी पेटवलेली, भाता सुरू. पातेलं तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला. मग कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने सरसर पुसून घेतलं. पिवळं पातेलं बघता बघता आतून चांदीसारखं. कथील २३२ अंशांना वितळतं. त्याच्याकडे तापमापक नव्हता, धुराच्या रंगावरून त्याला कळत होतं. पैसे द्यायला पाकीट काढलं, तर त्याने खोक्यावर चिकटवलेला क्यूआर कोड दाखवला. म्हणजे पैसे थेट याच्या खात्यात पोचतात, फक्त गिऱ्हाइकाला याच्यापर्यंत पोचता येत नाही.

मी उत्साहाने म्हटलं, "मामा, तुमचं नाव मोबाइलच्या यादीत घालू का?"

"घाला. पण फोन यायला लागले तर भात्यावरनं उठायचं कुणी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. यादीत नसण्याचाही माणसाला हक्क आहे, हे आपण विसरतो. शेवटी "पोराचा नंबर टाका" यावर तडजोड झाली. तिथेच उभी राहून फॉर्म भरायला घेतला. व्यवसायाच्या प्रकारांत कल्हई सापडेना, 'धातूकाम'वर भागवलं. म्हणजे सहायकाने सकाळी मला कारखान्यात का पाठवलं, तेही कळलं. मग पत्ता. 'ग्राहकाकडे जाऊन सेवा' असाही पर्याय होता, पण हा कोणाच्या घरी जात नाही. गुरुवारी इथे, शनिवारी पुलापलीकडच्या बाजारात, बाकीचे दिवस आसपासच्या गावांत. त्याचा पत्ता म्हणजे वार, आणि वाराला रकाना फक्त वेळेच्या खाली. वर्णनात मी 'कल्हई' लिहिलं, 'कलई'ही लिहिलं. लोक दोन्ही लिहितात आणि यंत्राला त्या दोघी बहिणी आहेत हे कळेलच असं नाही.

आज सकाळी पुन्हा विचारून पाहिलं. तोच कारखाना, तेच बाटल्यांचं दुकान. माझ्या नोंदीपुढे 'तपासणी सुरू आहे' असं दिसतंय.

तोवर ज्यांना कल्हई करून घ्यायची आहे, त्यांनी गुरुवारी दोनच्या आत शाळेच्या भिंतीपाशी यावं. भांडी मात्र घरून चिंचेने घासून आणा. नाहीतर मामा परत पाठवतात.