स्वतःविषयीची साक्ष

नोव्हेंबरच्या अखेरीस ‘कॅट’ परीक्षा होते आणि नवे वर्ष उजाडले की मुलाखतींचे दिवस सुरू होतात. वसई, नालासोपारा, विरार येथील आपल्या घरांतूनही काही मुले-मुली आता या वाटेने जाऊ लागली आहेत. वडील वालीव किंवा सातिवलीच्या एखाद्या गाळ्यात कामाला असतात, कुणाचे स्टेशनजवळ लहानसे दुकान असते, आणि घरात रात्री उशिरापर्यंत एमबीएचा अर्ज भरला जात असतो. राज्याच्या सीईटीद्वारे केंद्रीय पद्धतीने प्रवेश घेणाऱ्याला गुणानुक्रमे जागा मिळते. तेथे स्वतःविषयी काही बोलावे लागत नाही. परंतु आयआयएम किंवा अंधेरीच्या एस. पी. जैन यांसारख्या संस्थांत परीक्षेचे गुण ही केवळ पहिली पायरी असते. पुढे अर्जात लिहावे लागते आणि मुलाखत मंडळासमोर बसून सांगावे लागते की मी कोण आहे, मी काय केले आहे आणि इतरांऐवजी मलाच का निवडावे.

शैक्षणिक कर्जावरील व्याजाचा प्रश्न येथे मुद्दाम बाजूला ठेवला आहे. तो लहान नाही. परंतु त्याची चर्चा घराघरांत होते, आलिमांना विचारले जाते. ‘मलाच का’ या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, हे मात्र कुणी कुणाला विचारत नाही.

आपल्या मुलांना लहानपणापासून शिकवलेले असते की स्वतःची स्तुती करू नये. ही शिकवण निराधार नाही. सूरह अन-नज्मच्या ३२व्या आयतीत स्वतःच्या पावित्र्याचा दावा करण्यापासून रोखले आहे, कारण खरा ईशभीरू कोण हे अल्लाहच अधिक जाणतो. दुसरीकडे शिकवणी वर्गात सांगितले जाते की लाजू नका, स्वतःला विकायला शिका, लहान गोष्ट मोठी करून मांडा. परिणामी मुलगा दोन जिभा बाळगू लागतो. एक घरची, नम्रतेची, दुसरी मुलाखतीची. दोन वर्षांच्या शिक्षणात ही दुसरी जीभ इतकी सरावते की पुढे नोकरीत, व्यापारात आणि कधीकधी निकाहाच्या बोलणीतही तीच चालू लागते. म्हणून हा प्रश्न शिष्टाचारापुरता राहत नाही.

माझ्या मते अर्ज आणि मुलाखत यांकडे पाहण्याची योग्य दृष्टी ‘स्तुती’ची नाही, ‘शहादत’ची, म्हणजे साक्षीची आहे. सूरह अन-निसाच्या १३५व्या आयतीत ईमानधारकांना न्यायावर दृढ राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःविरुद्ध का जाईना. साक्षीदाराने वाढवून सांगू नये, हे सर्वांना समजते. त्याने कमी करूनही सांगू नये, याकडे आपले लक्ष जात नाही.

या बाबतीत पवित्र कुरआनात हजरत यूसुफ (अ.) यांचा प्रसंग आहे. देशाच्या कोठारांवर मला नेमा, अशी मागणी त्यांनी स्वतः राजाकडे केली आणि स्वतःविषयी दोन शब्द उच्चारले : हफीज आणि अलीम, म्हणजे जपणूक करणारा आणि जाणणारा (सूरह यूसुफ, ५५). इमाम कुर्तुबी यांनी आपल्या भाष्यात लक्षात आणून दिले आहे की यूसुफ (अ.) यांनी आपले कुळ सांगितले नाही, रूपही सांगितले नाही. वस्तुतः दोन्ही सांगण्याजोगी होती. त्यांनी एवढेच सांगितले, जे त्या कामाला लागणार होते.

मागणीपूर्वी जे घडले तेही ध्यानात घ्यावे. राजाने तुरुंगातून बोलावणे पाठवले तेव्हा यूसुफ (अ.) लगेच निघाले नाहीत. त्यांनी निरोप्याला परत पाठवले आणि ज्या स्त्रियांनी आपले हात कापून घेतले होते त्यांच्या प्रकरणाची आधी चौकशी व्हावी, असे सांगितले (आयत ५०). अनेक वर्षे कैदेत काढलेला माणूस उघड्या दारातून बाहेर पडण्याआधी आपल्या चारित्र्याची पडताळणी मागतो. सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसांतच राखून ठेवण्याची योजनाही त्यांनी त्याआधीच सांगून टाकली होती. पद मिळाले तरच सांगेन, अशी अट घातली नव्हती. म्हणजे ‘हफीज’ या शब्दामागे झालेली चौकशी होती आणि ‘अलीम’मागे दिलेली योजना होती. आजच्या अर्जदाराने आपल्या अर्जातील प्रत्येक विशेषणामागे असे काय उभे आहे, हे स्वतःला विचारावे.

येथे एक आक्षेप येईल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन समुरा (रजि.) यांना पद मागू नये असा उपदेश केला होता आणि हजरत अबू जर (रजि.) यांनी पद मागितले तेव्हा त्यांना तुम्ही या कामासाठी दुबळे आहात, ही अमानत आहे, असे स्पष्ट सांगितले होते. मग मागणे योग्य कसे? भाष्यकारांनी याची संगती अशी लावली आहे की जो सत्तेच्या हव्यासाने मागतो त्याला मनाई आहे; जो त्या कामास पात्र आहे आणि ज्याच्या मागे राहण्याने लोकांचे नुकसान होईल, त्याने पुढे यावे. शिवाय विद्यार्थी सत्ता मागत नसतो, शिकण्याची जागा मागत असतो. पण अबू जर (रजि.) यांच्या प्रसंगातून अर्जदाराला एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ज्यांच्या सत्यवचनीपणाविषयी कुणाला शंका नव्हती, त्यांनाही एका विशिष्ट कामासाठी दुबळे म्हटले गेले आणि त्यांचा दर्जा त्यामुळे उणावला नाही. मुलाखतीत ‘तुमची उणीव सांगा’ असे विचारल्यावर ‘मी अतिपरिपूर्णतेचा ध्यास घेतो’ असे घोकलेले उत्तर देणाऱ्याने हे आठवावे. उणीव म्हणून गुणच पुढे करणे ही चलाखी मंडळावरील माणसांनीही शेकडो वेळा ऐकलेली असते.

मग प्रत्येक उणीव उघड करावी काय? मदीनेच्या बाजारात प्रेषित (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्याला विचारले गेले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे त्यांनी जाहीर केले (मुस्लिम). त्याच वेळी स्वतःच्या पापांवर अल्लाहने घातलेला पडदा स्वतः फाडू नये, अशीही शिकवण आहे. या दोहोंत विरोध नाही. माणूस आणि त्याचा रब यांच्यातील गोष्ट झाकलेली राहू द्यावी. ज्या गोष्टीवर समोरचा निर्णय घेणार आहे ती झाकू नये. पदवीच्या दुसऱ्या वर्षी विषय राहिला, एक वर्ष वाया गेले, हे भिजलेले धान्य आहे. ते राशीच्या वर यावे.

खरी अडचण उघड असत्यात नसतेच. आपली बहुतेक मुले गुणपत्रिका बदलणार नाहीत. अडचण असते शब्दशः खऱ्या वाक्यांत. रमजानात चुलतभावंडांनी मिळून इफ्तारची चार पाकिटे वाटली, ते ‘सामाजिक उपक्रमाचे नेतृत्व’ होते. आठवडाभर कार्यालयात बसून काढलेल्या छायाप्रती ‘प्रशिक्षण’ होतात. फकीहांनी दुहेरी अर्थाच्या बोलण्याला गरजेपुरती वाट ठेवली आहे, पण तिने दुसऱ्याचा हक्क मारला जाता कामा नये. प्रवेशाच्या जागा मोजक्या असतात. फुगवलेल्या वाक्याने मिळालेली जागा कुणाची तरी असते; तो उमेदवार आपल्याला कधी भेटत नाही, इतकेच.

आता दुसरी बाजू. ती मला अधिक महत्त्वाची वाटते. बारावीपासून वडिलांच्या दुकानाचा हिशेब पाहणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. उधारीची वही तिच्याकडे, जीएसटीची कागदपत्रे तिच्याकडे, घाऊक व्यापाऱ्याशी फोनवरचे बोलणेही तिचेच. तिला अनुभव विचारला तर ती म्हणते, ‘काही नाही, घरी थोडी मदत करते.’ याला आपण संस्कार म्हणतो. परंतु साक्ष म्हणून पाहिले तर हे विधान खरे नाही. सूरह अद-दुहाच्या शेवटी रबच्या देणगीचे कथन करण्याची आज्ञा आहे. चार वर्षे पै-पैचा हिशेब राखणे म्हणजे हफीज असणे आहे, आणि ते तिने आकड्यांनिशी सांगावे. अनेकदा तिला हे सांगू न देणारे आपणच असतो. ‘मुलीने दुकानात बसते असे काय सांगायचे’ हे वाक्य घरातलेच आहे.

हल्ली अर्जातील निबंध पैसे देऊन लिहून घेतात किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून. भाषा तपासून घेणे वेगळे. पण साक्ष दुसऱ्याने रचावी आणि सही आपण करावी, हे कोणत्या न्यायालयात चालते?

प्रवेश मिळाल्यावर ही परीक्षा संपत नाही. एमबीएचे बरेचसे काम गटात होते. पाच जणांच्या गटात दोघे रात्रभर जागून अहवाल तयार करतात आणि सादरीकरणाला पाचही जण उभे राहतात. पुढे कंपन्या निवडीसाठी येतात तेव्हा तोच अहवाल पाचही जणांच्या परिचयपत्रात ‘मी केले’ म्हणून दिसतो. संस्था कागदपत्रे तपासतात, प्रमाणपत्रे मागतात. ‘आम्ही’चे ‘मी’ कधी झाले, हे कुठल्याच कागदावर उमटत नाही. न केलेल्या कामाची प्रशंसा व्हावी असे ज्यांना आवडते त्यांना सूरह आले इमरानच्या १८८व्या आयतीत कठोर इशारा आहे. ती आयत ज्या प्रसंगी अवतरली तो वेगळा होता, पण त्या वृत्तीचे वर्णन विद्यार्थ्याला परके वाटणार नाही.

सोपारा हे एके काळी मोठे बंदर होते. दहाव्या शतकातील अरब प्रवासी मसूदी याच्या लेखनात ठाणे आणि चौल यांच्यासोबत त्याचे नाव येते. अनोळखी किनाऱ्यावर उतरणाऱ्या व्यापाऱ्याला आपला परिचय स्वतःच द्यावा लागत असणार. मालाबद्दल तो जे बोलला ते खरे निघाले तरच पुढच्या मोसमात त्याच्याशी व्यवहार. स्वतःविषयी बोलणे आपल्या या भागाला नवे नाही.

एका प्रश्नावर आपली मुले हमखास अडखळतात : ‘वडील काय करतात?’ गाळ्यात यंत्रावर काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा ‘आमचा उत्पादन व्यवसाय आहे’ असे सांगून मोकळा होतो. अन-निसाच्या त्याच आयतीत स्वतःसोबत आई-वडिलांचा आणि आप्तांचाही उल्लेख आहे. त्यांच्याविषयीही साक्ष खरीच द्यायची आहे. वीस वर्षे एकाच यंत्रावर उभे राहून घर चालवणाऱ्या माणसाविषयी मुलाने मान वर करून बोलावे, असे आपल्याला वाटत असेल, तर ती वीस वर्षे नेमकी कशी गेली हे त्याला कुणीतरी घरी सांगितलेले असायला हवे.