निम्म्याचा न्याय

एकाकडे गाय घ्यायला पैसे नसतात, दुसऱ्याकडे ती सांभाळायला माणूस नसतो. अशा दोघांत महाराष्ट्रातल्या खेड्यांत एक जुना करार चालतो, अर्धेलीचा. मालक कालवड देतो. राखणारा तिला चारतो, वाढवतो, तिची आजारपणे काढतो. ती व्याली की जाणती माणसे तिचे मोल ठरवतात आणि दोघांपैकी एकजण दुसऱ्याला निम्मे पैसे देऊन गाय ठेवून घेतो. कागद नसतो, शब्दावर सगळे चालते.

मोठ्या गोठ्यावरच्या गड्याशी तुलना केली तर हा करार बरा वाटतो. गाय दहा लिटर देवो की वीस, गड्याचा पगार तेवढाच. राखणाऱ्याचा वाटा मात्र गाय वाढते तसा वाढतो. तो नोकर नाही, भागीदार आहे. पण भागीदारी खरी की नावापुरती, हे नफ्याच्या दिवशी कळत नाही. गाय मरते त्या दिवशी कळते.

2022 साली लम्पी त्वचारोगाची साथ आली. महाराष्ट्र सरकारने मेलेल्या जनावरांसाठी मदत दिली: दुधाळ गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार रुपये. मदत योग्यच होती. पण अर्धेलीने दिलेली कालवड मेली असेल तर ते पैसे कोणाचे? अर्जात मालकाचे नाव लागते. विम्याचेही तेच. राखणाऱ्याने दोन वर्षे वाहिलेली वैरण आणि उपसलेले शेण कुठल्याच रकान्यात बसत नाही. मालकाचे भांडवल बुडाले असे आपण म्हणतो. राखणाऱ्याचे कष्ट नुसते वाया गेले म्हणतो.

मालक म्हणेल, पैसे माझे गुंतले होते. खरे आहे. पण जिवंत गायीत ज्याचा निम्मा वाटा त्याने कबूल केला, त्याला मेलेल्या गायीच्या भरपाईत वाटा नाही असे तो कोणत्या तोंडाने म्हणणार?

वाटेकऱ्याचा हक्क कागदावर आणता येतो. न्यूझीलंडमध्ये दूध वाट्याने काढण्याची पद्धत जुनी आहे. जिथे गाई मालकाच्याच असतात, तिथल्या वाटेकऱ्यांसाठी 1937 सालीच कायदा झाला. पुढची पायरी म्हणजे कळप वाटेकऱ्याचा, जमीन मालकाची आणि दुधाचे पैसे साधारण निम्मे निम्मे. कळप वाढवून एक दिवस स्वतःची जमीन घ्यायची, ही त्यामागची आशा. तिथेही ती प्रत्येकाची पुरी होत नाही, पण शिडी दिसते तरी.

इथे एन्नोरला, वीजकेंद्रांच्या धुराड्यांखाली, दूध पिशवीतून येते आणि हा प्रश्न दूरचा वाटतो. पण याच तमिळनाडूत 2011 साली सरकारने त्याला वेगळे उत्तर दिले: खेड्यातल्या गरीब बायकांना दुभत्या गाई फुकट दिल्या. वाटा नाही, सबंध गाय.

सरकार प्रत्येकाला गाय देऊ शकणार नाही. अर्धेली चालूच राहील. पण गावच्या दूध संस्थेला एक वही ठेवता येईल. तीत मालकाच्या नावाशेजारी राखणाऱ्याचे नाव, कालवड दिल्याची तारीख आणि मेल्यास भरपाई कशी वाटायची ते लिहावे. शब्द पाळणाऱ्या मालकाला त्या वहीचा जाच होणार नाही. न पाळणाऱ्यासाठीच ती हवी.