भिंतीखालचं पाणी

एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा. १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. कपिलधारच्या खालच्या अंगाला माझी चार एकर कोरडवाहू जमीन आहे. तिथं तीन गुंठ्याच्या तुकड्याला आम्ही हिशेबातही धरत नव्हतो. पण २०१७ साली पोरानं बीडच्या कडेला तीन गुंठ्याचा प्लॉट घेतला, घर बांधलं आणि म्हणाला, "आप्पा, गुडघे दुखायलेत तुमचे. आता इकडंच ऱ्हावा. शेताकडं आठवड्याला चक्कर मारा."

मी गेलो. पण शेतकऱ्याचा हात मोकळा राहत नाही. घर, ओटा आणि गाडीची जागा सोडून मागं हजारेक फूट मोकळी जागा उरली होती. ती कुदळीनं खणली तर निम्मी खडी आणि सिमेंटचे खपले निघाले. शेतातून चार ट्रॉल्या माती आणि शेणखत आणलं, वाफे पाडले. मेथी, कोथिंबीर, वांगी, भेंडी, मिरची लावली. भिंतीवर दोडका चढवला, कडेला शेवगा आणि कढीपत्ता.

तेव्हा माझ्या डोक्यात दाभोळकरांचे दहा गुंठे होते. प्रयोग परिवारवाले श्री. अ. दाभोळकर. दहा गुंठ्यात पाच माणसांचं कुटुंब पोटभर जगू शकतं, हे त्यांनी हिशेबानं मांडलं होतं. पालापाचोळा जाळू नका, तो कुजवा, झाडाच्या पानावर पडणारं ऊन मोजा, असं त्यांचं सांगणं. मी दहावी शिकलेला माणूस, पण हिशेब मला आवडतो. म्हणून मीही मांडला. आमच्या कोरडवाहू रानात बरं वर्ष असलं तर एकरी चार क्विंटल ज्वारी. म्हणजे गुंठ्याला दहा किलो. पाच माणसांच्या घराला रोजचं दोन किलो पीठ लागतं. म्हणजे एका गुंठ्याची ज्वारी पाच दिवसांत खल्लास. भाकरी या प्लॉटवर होणार नाही, ती शेतातूनच येणार, हे पहिल्या वर्षी कळलं. पण भाजी मात्र विकत आणायची नाही, असं मी ठरवलं. स्वतःच्या कष्टाचं खायचं, कुणाचं देणं नको. यात चूक काय?

चूक पाण्यात होती.

आमच्या वस्तीपर्यंत नळ आलेला नाही. २०१८ ला मी चारशे फूट बोअर घेतलं. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे जेमतेम दोनशे फुटांपेक्षा खोल जायला २००९ च्या भूजल कायद्यात बंदी आहे. पण हे घरगुती बोअर, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. पाणी मात्र वाफ्याला चाललं होतं. उन्हाळ्यात हजार फूट भाजीला दिवसाला चार-पाचशे लिटर लागतं. पाच माणसांचं घर त्यात दीड-दोन दिवस निघतं.

पुढचं साल २०१९. आमच्या जिल्ह्यात तो उन्हाळा कसा गेला ते सांगायला नको. चारा छावण्या, टँकर, घागरींच्या रांगा. आणि माझी भेंडी हिरवीगार. भिंतीपलीकडं एक बाई राहते. नवरा नाही, दोन लेकरं, शाळेत खिचडी शिजवायचं काम. तिचं बोअर एकशे ऐंशी फुटांचं. चैत्रात ते बंद पडलं. ती भिंतीवरून म्हणाली, "मामा, दोन घागरी मिळतील का?" मी म्हणालो, "दोन कशाला, नळीच टाकतो." रोज सकाळी मी भिंतीवरून नळी सोडायचो. तिनं वस्तीभर सांगितलं, मामा देवमाणूस. मला ते गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

एका रात्री झोप लागेना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दोन बोअरांत अंतर चाळीस फूट. खाली आपला काळा पाषाण. त्यात पाणी भेगांतच असतं, आणि भेगेला काही सातबारा नसतो. माझी मोटर खालून ओढत होती म्हणून तिचं वर आटलं होतं. म्हणजे तिचंच पाणी मी तिला देत होतो आणि वरून देवमाणूस म्हणवून घेत होतो.

१९७२ ला मी दहा-बारा वर्षांचा होतो. आमच्या विहिरीत गुडघाभर पाणी राहिलं होतं. बापानं मिरचीचं वाफं जळू दिलं आणि विहीर गावाला मोकळी केली. आजवर मी समजत होतो की बाप लई मोठ्या मनाचा. होताच. पण विहिरीला तोंड असतं, हेही खरं. पाणी किती उरलं ते सगळं गाव वाकून बघतं. मिरचीला पाणी सोडलं तर चार डोळे बघणार, ही लाज तिथं होती. बोअरला झाकण असतं. सहा इंची नळी, आत कोण किती ओढतो ते ओढणाऱ्यालाही दिसत नाही. माणूस वाईट नसतो, त्याला दिसत नसतं. पण दिसल्यावर काय करायचं?

कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपुढं कार्तिकी पौर्णिमेला लाखांनी माणूस येतो. तिथं लहानपणापासून दोन शब्द ऐकत आलो, कायक आणि दासोह. कायक म्हणजे आपलं काम, आपले कष्ट. दासोह म्हणजे त्यातलं वाटून खाणं. मला वाटायचं, आधी कायक, मग उरलं तर दासोह. भिंतीपाशी उमगलं की मी ज्याला माझं कायक म्हणत होतो त्यात आधीच दुसऱ्याचा वाटा शिरला होता. निव्वळ आपल्या कष्टाचं असं काही नसतंच. वाटणं हा उपकार नाही, ती परतफेड आहे. श्रावणात कपिलधारच्या डोंगरावरून धार पडते, तिच्याखाली कुणीही जाऊन उभं राहतं. तिथं हे कुणाला सांगावं लागत नाही. प्लॉटला भिंत घातली की मात्र विसरतं.

पाऊस पडल्यावर मी तिला सांगितलं. जीभ जड झाली होती. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "मला ठावं होतं, मामा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून तुम्ही चिडला असता. नळी बंद झाली असती. लेकरं तहानली असती."

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. आजही नाही. देवमाणूस ती मला भीतीपोटी म्हणत होती की खरंच, हे विचारायचं धाडस झालं नाही.

आता फाल्गुनानंतर वाफे रिकामे ठेवतो. शेवगा आणि कढीपत्ता तेवढा जगवतो, भांड्याच्या पाण्यावर. उन्हाळ्यात बाजारातून भाजी आणतो, आणि ती पिकवणारा कुठं तरी कुणाची तरी भेग ओढत असणार, हेही जाणतो. घराच्या स्लॅबवर वर्षाकाठी पन्नासेक हजार लिटर पाऊस पडतो. तो पन्हाळीतून भिंतीलगतच्या खड्ड्यात सोडलाय, खाली दगड, वर वाळू. खड्डा खणताना बाई पलीकडून विचारत होती, "मामा, हे पाणी कुणाच्या बोअरला जाईल?"

म्हटलं, "ते काही मला सांगता येत नाही." आणि खणत राहिलो.