न लागलेली आग



१४ एप्रिल हा आपल्या देशात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली आणि त्यातील दारूगोळ्याचा स्फोट झाला. आग विझवत असलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात मरण पावले. प्रभू येशूने जिला सर्वात मोठी प्रीती म्हटले, ती हीच.

अशा वीरांपुढे आपले मस्तक नम्र होते. तरी एक प्रश्न उरतो. आग विझवणाऱ्याची प्रीती मोठी खरीच. मग आग लागूच नये म्हणून झटणाऱ्याची प्रीती लहान काय?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १७३६ साली बेंजामिन फ्रँकलिन व त्यांच्या सोबत्यांनी ‘युनियन फायर कंपनी’ हे स्वयंसेवकांचे दल उभारले. प्रत्येक सभासदाने स्वखर्चाने कातडी बादल्या घरात तयार ठेवायच्या आणि आगीची हाक येताच धावायचे, असा नियम होता. पण त्याच्या आदल्याच वर्षी फ्रँकलिन यांनी आपल्या वर्तमानपत्रातून लोकांना सावध केले होते, की जळते निखारे उघड्या फावड्यावर घेऊन घरभर फिरू नका. म्हणजे बादलीच्या अगोदर खबरदारी आली! आजही अमेरिकेतील निम्म्याहून अधिक अग्निशामक स्वयंसेवक आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण लोकांच्या घरी जाऊन धुराची सूचना देणारी घंटा बसवून देतात. कारण त्या देशात घरातील आगीत जे मरतात, त्यांच्यापैकी पाचांत सुमारे तीन जण अशी घंटा नसलेल्या किंवा ती बंद पडलेल्या घरांतले असतात.

पवित्र शास्त्र याबाबत फार स्पष्ट आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा अनुवादाच्या २२ व्या अध्यायात आहे. आपण पेटवलेली आग पसरून दुसऱ्याचे पीक जळाले तर भरपाई करावी, असे निर्गमाचा २२ वा अध्याय सांगतो. घर माझे असले तरी त्यातला धोका माझ्या एकट्याचा नसतो. चाळीत आणि इमारतीत राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. एकाच्या स्वयंपाकघरातला भडका वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळापर्यंत पोहोचतो.

काही जण म्हणतात, ‘फादर, देव राखणारा आहे, एवढी काळजी कशाला?’ मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने येशूला सुचवले, तेव्हा येशूने देवाची परीक्षा पाहण्यास नकार दिला. संत थॉमस अक्विनास यांनीही दूरदृष्टी व सावधगिरी यांना विवेक या सद्गुणाची अंगे मानले आहे. देवाने दिलेली बुद्धी वापरणे हाही त्याच्यावरचा विश्वासच होय.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढे पाहू या. गॅसची नळी चिरलेली किंवा मुदत संपलेली नाही ना? रात्री रेग्युलेटर बंद होतो ना? घरच्या वेदीवरची मेणबत्ती पडद्यापासून दूर आहे ना, आणि प्रार्थना संपल्यावर ती कोणी विझवतो ना? गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये; रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे व १९०६ वर कळवावे. कढईतले तेल पेटले तर पाणी मुळीच ओतू नये. गॅस बंद करून वर झाकण ठेवावे. आग लागल्यास १०१ हा क्रमांक लहानांनाही पाठ हवा. शेजारी एकटी राहणारी आजी असेल, तर तिची नळीही आपणच पाहून यावी.

या सेवेचे कौतुक होणार नाही. जी आग लागलीच नाही, तिच्याबद्दल कोण कोणाचे आभार मानणार? पण डाव्या हाताला कळू न देता उजव्या हाताने केलेले दान पित्याला दिसते, तसेच रात्री बंद केलेले रेग्युलेटरही त्याला दिसते. प्रभू आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराचे रक्षण करो, आणि त्या रक्षणात आपलाही हात लागो.