गेला तो गद्दार, आला तो हिरा

1 जूनला मासेमारी बंद होते. हर्णे बंदराला पावसाळी वाऱ्यापासून फारसा आडोसा नाही, म्हणून नौका आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात आणि पुढचे दोन महिने हर्णे-पाजपंढरीत एकच विषय चालतो : यंदा कोणत्या नौकेवर कोण. अमक्याचा तांडेल सुटला, तमका नेपाळी खलाशांची नवी टोळी आणतोय, कुणी उचल घेऊन गावी गेलाय आणि आता फोन घेत नाही. भारतीय फुटबॉलमधली खेळाडूंची ने-आणही बहुतेक याच पावसात होते. ज्या घरांत नौकांचा हिशेब चाललेला असतो तिथल्याच पोरांच्या मोबाइलवर मुंबई सिटीने कुणाला सोडलं, गोव्याने कुणाला घेतलं याची चर्चा रंगते. माणसं तीच, पावसाळा तोच, पण न्याय करायची रीत मात्र अगदी निराळी.

बंदरावर तीन खाती वेगवेगळी ठेवलेली असतात. हिशेब चुकता करून दुसऱ्या नौकेवर गेलेल्या खलाशाबद्दल मालक कुरकुरतो, पण त्याला कुणी नावं ठेवत नाही. जास्त पैसे मिळाले, गेला. उचल घेऊन न परतणारा लबाड ठरतो, आणि तो वाद पैशांचा असतो. तिसरा म्हणजे नौकेवर हात उचलणारा, सोबत्यांना छळणारा. जाळ्याच्या कामात तो कितीही तरबेज असला तरी त्याला घ्यायचं की नाही याचा तांडेल दहा वेळा विचार करतो, कारण त्याच्याबरोबर आठ-आठ दिवस समुद्रात काढायचे असतात.

आम्ही चाहते या तिन्ही खात्यांची खिचडी करतो. माझा आक्षेप त्याहून थोडा पुढचा आहे. आम्ही नुसती गल्लत करत नाही, तर पहिल्या खात्याची शिक्षा तिसऱ्यापेक्षा जबर ठेवतो. क्लब सोडणं हा आमच्या लेखी गुन्हा असतो. माणसाशी माणसासारखं न वागणं ही मात्र 'मैदानाबाहेरची बाब'.

याचा मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिलेला पुरावा फुटबॉलमधला नाही, वानखेडेवरचा आहे. जानेवारी 2019 मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना एका टीव्ही कार्यक्रमातल्या स्त्रियांविषयीच्या शेरेबाजीवरून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून परत बोलावलं गेलं. पुढे दोघांना प्रत्येकी 20 लाखांचा दंडही झाला. त्याच वर्षीच्या आयपीएलमध्ये वानखेडेने पंड्याच्या षटकारांवर नाच केला. मग तो गुजरातला गेला, 2023 च्या अखेरीस परत आला आणि रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला. 1 एप्रिल 2024 रोजी त्याच वानखेडेवर त्याची एवढी हुर्यो उडवली गेली की नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. 29 जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक त्याने टाकलं, आणि 4 जुलैला त्याच मैदानात 'हार्दिक, हार्दिक'चा गजर झाला. या सगळ्या चढउतारात 2019 च्या त्या शेरेबाजीला कुठेही जागा नव्हती. राग होता तो जागा बदलल्याचा, आणि तो निवला तो विकेटमुळे. स्त्रियांबद्दल तो काय बोलला, याची नोंद ना रागात झाली ना माफीत.

आपल्याकडच्याच लोकांना दोष देऊ नये. लुईस फिगो 2000 साली बार्सिलोनाहून रियाल माद्रिदला गेला, आणि दोन वर्षांनी तो कॉर्नर घ्यायला उभा राहिला तेव्हा त्याच्या दिशेने डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं. उलट, 2011 मध्ये लुईस सुआरेझला पॅट्रिस एव्हराला वंशद्वेषी शब्द वापरल्याबद्दल आठ सामन्यांची बंदी झाली, तेव्हा लिव्हरपूलच्या खेळाडूंनी सरावाला त्याच्या समर्थनाचे टी-शर्ट घातले. त्याबद्दल जेमी कॅराघरने एव्हराची माफी मागितली ती 2019 मध्ये. क्लब सोडणाऱ्याच्या वाट्याला मुंडकं आणि शिवी देणाऱ्याच्या वाट्याला टी-शर्ट.

आता आमच्या घरचं. जानेवारी 2020 च्या अखेरीस एफसी गोवाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला काढलं. संघ अव्वल होता आणि त्या मोसमात इंडियन सुपर लीगच्या साखळीतही पहिलाच आला. काही महिन्यांनी लोबेरा मुंबई सिटीत दाखल झाला आणि त्याच्यामागोमाग गोव्याच्या संघाचा कणाच मुंबईला आला : अहमद जाहू, मुर्तादा फॉल, ह्यूगो बुमूस आणि गोव्याचाच मुलगा मंदार राव देसाई. मार्च 2021 मध्ये उपान्त्य फेरीत मुंबईने गोव्याला पेनल्टींवर हरवलं आणि 13 मार्चला फातोर्ड्यावर बिपिन सिंगच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलने करंडकही घेतला. गोव्याच्या मित्रांना ती लूट वाटली. आम्हाला ती व्यवस्थापनाची दूरदृष्टी वाटली. खरं तर ती दोन्ही नव्हती. करार होते, ते संपले किंवा पैसे भरून सोडवले गेले, माणसं गेली. हिशेब चुकता.

पण त्याच मोसमातलं तिसरं खातं आम्ही उघडलंच नाही. पहिल्याच सामन्यात जाहूला पूर्वार्धात लाल कार्ड मिळालं आणि मुंबई नॉर्थईस्टकडून 0-1 हरली. पुढे बुमूसवर पंचांशी गैरवर्तनाबद्दल बंदी आली. गोव्याकडे असताना जाहूचे टॅकल आम्हाला 'गुंडगिरी' वाटायचे. निळी जर्सी चढवताच तो 'मधल्या फळीतला दरारा' झाला. एकच पाय, एकच टॅकल!

संदेश झिंगनचं प्रकरण याहून अवघड आहे. 2020 मध्ये तो केरला ब्लास्टर्समधून गेला तेव्हा क्लबने त्याचा 21 क्रमांक निवृत्त केला. एवढा मान भारतात फार थोड्यांना मिळाला असेल. फेब्रुवारी 2022 मध्ये तो एटीके मोहन बागानकडून त्याच ब्लास्टर्सविरुद्ध खेळला. सामना बरोबरीत सुटल्यावर कॅमेऱ्यासमोर तो जे बोलला त्याचा आशय, आम्ही बायकांशी खेळून आलो, असा होता. केरळचे चाहते खवळले, तो क्रमांक परत वापरात आणा म्हणाले. झिंगनने माफी मागितली आणि भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. 2023 मध्ये तो एफसी गोवाकडे आला. ते वाक्य बोललं गेलं तेही गोव्यातच, कारण करोनामुळे त्या मोसमातले सगळे सामने तिथेच झाले होते. माझ्या ओळखीच्या गोवा-समर्थकांत त्याच्या येण्यावर चर्चा झाली ती वयाची आणि दुखापतींची.

केरळच्या चाहत्यांचा राग रास्तच होता. पण झिंगनच्या अंगावर तेव्हा पिवळी जर्सी असती आणि समोर बंगळूरु असतं, तर एवढाच राग आला असता का? मला शंका आहे. मार्च 2023 मध्ये बंगळूरुमध्ये सुनील छेत्रीच्या फ्री किकवरून भांडून ब्लास्टर्सचा संघ सामना अर्धवट सोडून निघून गेला. क्लबला 4 कोटींचा दंड झाला, प्रशिक्षक वुकोमानोविचवर दहा सामन्यांची बंदी आली. पण कोचीच्या विमानतळावर त्यांचं स्वागत झालं ते वीरांसारखं.

उचल घेऊन गेलेल्या खलाशाचं खातं अन्वर अलीचं. 2024 च्या पावसाळ्यात तो मोहन बागानबरोबरचा कर्जाऊ करार अर्धवट सोडून ईस्ट बंगालकडे गेला. महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि 12.90 कोटींची भरपाई सुनावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तो आदेश टिकला नाही, आणि अन्वर खेळत राहिला. हा कराराचा वाद आहे, त्याचा निवाडा वकिलांनी करावा. कोलकात्याच्या एका अर्ध्याने त्याला द्रोही ठरवलं आणि दुसऱ्याने डोक्यावर घेतलं, यात करार कुणी वाचला होता, असं वाटत नाही.

कोल्हापुरात याला उत्तर सापडेल असं मला पूर्वी वाटायचं. तिथे संघ तालमींचे आहेत : पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस. खेळाडू दूरचा तारा नसतो, पेठेतला असतो. त्याची आई भाजी कुठे घेते हेही प्रेक्षकाला ठाऊक. मोसमापूर्वी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे नोंदणी होते तेव्हा कोण कुठून कुठे गेला यावर गल्लीगल्लीत रणं माजतात. इतकी जवळीक असलेल्या ठिकाणी तरी वागणुकीचा हिशेब चोख असावा. पण शाहू स्टेडियमवरच्या हाणामाऱ्यांच्या बातम्या काही थांबत नाहीत, कारण जवळीक वाढली की 'आपला' हा शब्दही जड होतो. आपल्या पेठेचा पोरगा चुकतो, समोरच्या पेठेचा माजलेला असतो.

मग उपाय म्हणून डागाळलेल्याला विकून टाकावं? ते तर युरोपातले बडे क्लब सफाईने करतात. मेसन ग्रीनवूडवरचे गंभीर आरोप फेब्रुवारी 2023 मध्ये मागे घेतले गेले. ज्या गुन्ह्यांचे आरोप होते ते त्याने केले नाहीत असा आपल्या चौकशीचा निष्कर्ष मँचेस्टर युनायटेडने जाहीर केला, आणि त्याच निवेदनात त्याने पुढची कारकीर्द दुसरीकडे घडवावी असंही म्हटलं. आधी गेटाफे, मग जुलै 2024 मध्ये मार्सेय. तो निर्दोष असेल तर घालवला का, आणि नसेल तर विकला कसा? क्लबाने नैतिक प्रश्नाचं रूपांतर विक्रीत केलं. मार्सेयच्या महापौरांनी उघड विरोध केला तरी करार झालाच. कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं याच्या यादीतून नीतीचे निवाडे होऊ लागले की असंच होणार. पहिला गोल पडला की दुसऱ्या गावातला निवाडा आपोआप निकालात निघतो.

आणि ज्या क्लबांकडून आम्ही हा न्याय मागतो त्यांचं स्वतःचं वर्तन काय? महाराष्ट्रातल्या फुटबॉल चाहत्याला हे सांगायची गरज नाही. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. मुंबई एफसी 2017 मध्ये गेला. पुणे सिटी 2019 मध्ये हैदराबादला गेला, तिथे 2022 मध्ये लीग जिंकला, आणि 2025 मध्ये दिल्लीला. बालेवाडीत नारिंगी जर्सी घालून बसणाऱ्याने गद्दार कुणाला म्हणायचं? खेळाडूंनी क्लब सोडला नव्हता, क्लबच उठून गेला.

मालकांच्या बेशिस्तीची शिक्षा कोण भोगतं हे गोव्याने पाहिलंय. 20 डिसेंबर 2015 रोजी फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात गोवा शेवटच्या मिनिटांपर्यंत 2-1 पुढे होता आणि 2-3 हरला. नंतरच्या गोंधळात गोव्याचे सहमालक दत्तराज साळगावकर यांच्या तक्रारीवरून चेन्नईयिनच्या एलानोला अटक झाली, मग जामीन मिळाला. मे 2016 मध्ये लीगच्या आयोगाने उलट एफसी गोवालाच 11 कोटींचा दंड केला, साळगावकर आणि दुसरे सहमालक श्रीनिवास धेंपो यांच्यावर बंदी घातली, आणि पुढच्या मोसमातले 15 गुण कापले. गुण कुणाचे? ज्यांनी कुठलीही तक्रार केली नव्हती त्या खेळाडूंचे. अपिलात दंड 6 कोटींवर आला, गुण परत मिळाले. त्या मोसमात गोवा शेवटचा आला ती गोष्ट वेगळी.

यावर नेहमीचं उत्तर असतं की चाहता न्यायाधीश नसतो, प्रेम आंधळंच असायचं. मान्य. मला चाहत्याच्या हाती न्याय नकोच आहे. गॅलरीने दिलेला निकाल कसा असतो हे वानखेडेने दाखवलं. म्हणूनच शिस्तीची खाती क्लबाबाहेर, आधी छापलेल्या नियमांनी आणि राखीव खेळाडूला व कर्णधाराला एकाच मापाने चालली पाहिजेत, आणि चाहत्याने पावसाळ्यात नव्या स्ट्रायकरच्या बातमीइतक्याच हट्टाने त्या नियमांची मागणी केली पाहिजे. क्लब सोडल्याबद्दलची हुर्यो मात्र बंद व्हावी. युरोपीय न्यायालयाच्या 1995 च्या बॉस्मन निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूने जाणं हा कामगाराचा साधा हक्क आहे. तो नाकारताना आम्ही नकळत मालकाच्या बाजूने उभे राहतो.

मालकाची बाजू किती मजबूत असते ते 2025 मध्ये दिसलं. महासंघाबरोबरचा व्यावसायिक करार डिसेंबरात संपणार म्हणून जुलैमध्ये आयोजकांनी इंडियन सुपर लीगचा मोसम लांबणीवर टाकला. ऑगस्टमध्ये बंगळूरु एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले. वर्षअखेर सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबईतली गुंतवणूक काढून घेतली. करार मोडल्याबद्दल अन्वर अलीसाठी समिती बसली, पगार थांबवल्याबद्दल कुणावर बंदी आली नाही. जानेवारी 2026 मध्ये खेळाडूंनीच फिफाला साकडं घालणारा व्हिडिओ काढला. त्यात छेत्री होता, गोलरक्षक गुरप्रीत होता आणि झिंगनही होता. झिंगनचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. 2022 चं त्याचं वाक्यही तितकंच चूक होतं, आणि यातलं एक खातं दुसऱ्यात वळतं करता येत नाही.