वासराच्या वाटणीचे दूध

दिवाळीच्या फराळाशी कुणी जंतूंच्या गोष्टी काढू नयेत, हा शिष्टाचार मलाही ठाऊक आहे. पण आपल्या दिवाळीचा पहिला दिवा लक्ष्मीपूजनाच्या कितीतरी आधी, वसुबारसेला, गाय आणि वासरू यांच्यापुढे लागतो. त्या दिवशी पुष्कळ घरांतल्या बायका गाईचे दूध व त्याचे पदार्थ वर्ज्य करतात. वर्षातून एक दिवस का होईना, वासराच्या वाटणीचे वासराला मिळावे, असा या प्रथेचा अर्थ मी माझ्यापुरता लावून ठेवला आहे. शास्त्रीबुवांना तो मान्य होईल की नाही, न कळे.

या अर्थाने मला अलीकडे एका पेचात टाकले आहे. वासराच्या वाटणीला आपण जे दूध सोडतो, ते कधी कधी त्याला न पाजलेलेच बरे असते.

मुठेच्या काठी, वाढत्या पुण्याने गोठ्यांना मागे रेटीत नेले आहे तिथे, माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांचा गोठा आहे. सगळी वस्ती त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही म्हणतो. नऊ म्हशी आणि एक गाय. गेल्या पावसाळ्यात गाईची कास सुजली, एक सड दगडासारखा घट्ट झाला. गोठ्याच्या भाषेत याला 'दगडी' म्हणतात. जनावरांच्या डॉक्टरांनी सडात औषध सोडले, सुया टोचल्या, आणि बजावले, की औषध चालू आहे तोवर आणि त्यानंतरही चार दिवस हे दूध विकायचे नाही, घरातही प्यायचे नाही. नानांनी ते कसोशीने पाळले. थेंब विकला नाही. सगळे दूध त्यांनी वासराला पाजले, आणि उरले ते दारच्या कुत्र्यापुढे ठेवले.

"ओतून का नाही दिलेत, नाना?" मी विचारले.

"मास्तर, दूध ओतायचं म्हंजे लक्ष्मी लाथाडायची. हात होत नाही."

हात होत नाही, हे त्यांचे शब्द मला फार खरे वाटले. अन्न टाकू नये, हे आपण मुलांना अक्षरओळखीच्याही आधी शिकवतो. नाना त्या शिकवणीला जागले. आणि नेमके त्या जागण्यातूनच, त्यांच्या ध्यानीमनी नसताना, एक अपाय घडला.

तो कसा, हे सांगण्यासाठी मी प्रयोगशाळेपेक्षा स्वयंपाकघरात जाईन. दुधाला विरजण लावले आणि सकाळी दही झालेच नाही, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. दर वेळी त्याचा दोष थंडीचा किंवा ताकाचा असतो असे नाही. दुधात प्रतिजैविकाचा अंश उतरला असेल, तर विरजणातले जंतू वाढत नाहीत आणि दही लागत नाही. दूध उकळले तरी तो अंश बहुतांशी तसाच राहतो. डेअऱ्यांत दुधातले औषध पकडण्याची जी एक परीक्षा आहे, तिचे तत्त्व हेच. दुधात ठराविक जंतू सोडायचे आणि ते आंबवतात की नाही, ते पाहायचे. आपली आजी हीच परीक्षा रोज रात्री घेत होती, फक्त तिला नाव नव्हते.

आता तेच दूध वासराच्या पोटात गेले. तिथे कोट्यवधी जंतू नांदत असतात. औषधाच्या त्या थोड्या मात्रेने त्यांतले दुबळे मरतात, आणि ज्यांना त्या औषधाची मात्रा लागू पडत नाही ते मागे उरून मोकळ्या जागेत फोफावतात. शिवाय जंतूंची एक खोड अशी, की आपल्याला अवगत झालेली युक्ती ते शेजाऱ्याला देऊन टाकतात. शेजारी परक्या जातीचा असला तरी. (माणसांत एवढे औदार्य असते तर!) असे दूध पाजलेल्या वासरांच्या शेणात औषधांना न जुमानणारे जंतू जास्त सापडतात, हे तपासून पाहिलेले आहे. शेण शेतात जाते, पावसाबरोबर नदीत जाते. गोठ्याभोवती बगळे किडे टिपीत हिंडतात, त्यांच्या पायांना ते लागते.

पुण्याच्या माणसाला या औषधांविषयी थोडा घरचा अभिमान आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. परदेशातून येणारे महागडे औषध गरिबाच्या आवाक्यात यावे, एवढ्यासाठी ती उभारणी होती. तिथल्या संशोधकांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून 'पिंप्रिना' हे नाव दिले, आणि त्यापासून हॅमायसीन नावाचे बुरशीवरचे औषध काढले. आपल्या पायाखालच्या मातीला असे गुण असतात, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पण पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या डिसेंबरात, नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील हा इशारा देऊन ठेवला होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. पाठ्यपुस्तकात शोध असतो, इशारा नसतो.

इतर वस्तू आणि हे औषध यांत मला एक मूलभूत फरक दिसतो. मी माझा सदरा वापरून झिजवला तर शेजाऱ्याचा सदरा झिजत नाही. प्रतिजैविकाचे तसे नाही. समजा, सगळ्या पंचक्रोशीत एकच वस्तरा आहे. न्हाव्याला तो लागतो, गळू फोडायला वैद्याला लागतो. त्याच वस्तऱ्याने कुणी पेन्सिलीला टोक काढू लागला, तर धार सगळ्यांचीच जाते. औषधाची बाटली ज्याने पैसे मोजले त्याची. पण धार कुणाची? ती माझीही आहे, नानांच्या नातवाचीही, आणि जो अजून जन्मालाच आलेला नाही त्याचीही.

आणि पेन्सिलीला टोक काढण्याचा प्रकार जगभर झाला. जनावर आजारी नसतानाही त्याचे वजन लवकर भरावे, म्हणून खाद्यात ही औषधे मिसळली गेली. कोलिस्टिन हे जुने औषध, मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून डॉक्टरांनी माणसांसाठी बाजूला ठेवलेले. पुढे बाकीचे उपाय हरू लागले तेव्हा अखेरचा आधार म्हणून ते परत आणावे लागले. मधल्या काळात ते कोंबड्या आणि डुकरे पोसण्यासाठी चालूच होते. २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधून बातमी आली, की या अखेरच्या औषधालाही दाद न देण्याची युक्ती जंतूंना साधली आहे आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. भारताने २०१९ च्या जुलैत अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि खाद्यात कोलिस्टिनला बंदी केली. नानांच्या आजारी गाईचे औषध मी या हिशेबात धरीत नाही. मुके जनावर कळा सोसते आहे आणि आपण उपाय हातात धरून बसलो आहोत, याला मी नीती म्हणणार नाही.

कोणते जंतू कोणत्या औषधाला जुमानीनासे झाले, हे कळायचे कसे? त्याची रीत अगदी साधी आहे. शेणाचा किंवा विष्ठेचा नमुना घेऊन त्यातले जंतू एका पसरट बशीत वाढवतात आणि वर औषधाच्या लहान लहान चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ मोकळे वर्तुळ दिसले, तर औषध चालते. जंतू चकतीला येऊन भिडले, तर धार गेली. यात मला मोलाची गोष्ट ही वाटते, की नमुने घ्यायचे ते मुख्यतः धडधाकट जनावरांचे. तक्रार घेऊन आलेल्याला कुणीही तपासील. ज्याची काही तक्रारच नाही, त्याच्याकडे वर्षानुवर्षे पाहत राहायला वेगळी चिकाटी लागते.

डेन्मार्कने ही चिकाटी १९९५ पासून, जनावरे, अन्न आणि माणसे या तिन्हींच्या बाबतीत, पद्धतशीर दाखवली. त्याच वर्षी तिथे कोंबड्यांच्या खाद्यातले एक औषध बंद झाले. कोंबड्यांतल्या दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण शेकडा ७० च्या वर होते, ते २००० सालापर्यंत शेकडा १० च्या आत आले. डुकरांत मात्र ते हटेना. तिथे दुसरे एक औषध त्याच जंतूंना पाठीशी घालीत होते. मोजले नसते, तर ही दोन्ही सत्ये कळली नसती. आपल्याकडे २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा झाला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने मासे आणि पाळीव जनावरे यांवर नजर ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळेही विणले आहे.

रानातले प्राणी या जाळ्याच्या बाहेरच राहतात. वास्तविक तेच खरे साक्षीदार. गाईच्या पोटात असे जंतू सापडले तर तिला औषध दिले असेल, असे म्हणता येते. बगळ्याला, घारीला, उसात राहून कोंबड्या-कुत्र्यांवर जगणाऱ्या जुन्नरच्या बिबट्याला कोणत्या डॉक्टरने चिठ्ठी लिहून दिली? त्यांच्या अंगी जे सापडेल, ते आपल्याकडूनच गेले असण्याचा संभव मोठा. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. युरोपातल्या काटेरी हेजहॉगच्या अंगावर पेनिसिलिनसारखे द्रव्य करणारी बुरशी असते. तिच्याशी झुंजताना तिथले जंतू औषधाचा शोध लागण्याच्या शंभरावर वर्षे आधीच निर्ढावले होते, हे २०२२ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा प्रत्येक पाप माणसाच्या माथी मारू नये. पण मुठेचे काय? पुणे आणि स्वीडन इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मुठेच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शहराच्या वरच्या अंगाला जे फारसे नव्हते ते शहरातल्या गाळात कितीतरी पटींनी सापडले, अखेरच्या औषधांना न जुमानण्याची युक्तीसुद्धा. त्याचे कारण होते आपले, शहरवासीयांचे, शुद्ध न करता सोडलेले सांडपाणी. सर्दीला दोन गोळ्या घेऊन तिसऱ्या दिवशी पाकीट कपाटात टाकणारा माणूस नानांना कोणत्या तोंडाने उपदेश करणार?

न मोजल्याची किंमत गिधाडांनी दिली आहे. त्यांची गोष्ट जंतूंची नव्हे, जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची; पण वाट तीच, गोठ्यातून रानात जाणारी. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या अवधीत हजारात एक उरली. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरला शिकारी पक्ष्यांची मोजदाद करून ठेवली होती, म्हणून तरी पुढची घट ध्यानात आली. कारण २००४ मध्ये उमगले, जनावरांसाठी बंदी २००६ मध्ये आली. तोवर मेलेले बैल माळावर पडत होते आणि आकाश रिकामे होते.

म्हणून नजर ठेवावी, यात वाद नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. नजर ठेवणाऱ्याला काही दिसले, की त्याचे ओझे कुणाच्या डोक्यावर जाते? नानांच्या गाईचे दूध दिवसाला दहा लिटर, भाव साठ रुपये, औषधानंतरचे चार दिवस. म्हणजे २,४०० रुपये. औषधपाणी वेगळे. हे दूध ओतून दिल्याने ज्याचे रक्षण होते, त्यात मी आहे, तुम्ही आहात, रुग्णालयात पडलेले कुणाचे तरी तान्हे मूल आहे. आणि पैसे जातात ते एकट्या नानांचे. याला आपण त्यांचे कर्तव्य म्हणतो. सगळ्यांच्या भल्याचा खर्च एकाने सोसावा आणि बाकीच्यांनी त्याला शहाणपण शिकवावे, हा न्याय मला मान्य नाही. दूध संघाने असे दूध वेगळ्या भांड्यात घ्यावे, रीतसर नष्ट करावे, आणि नेहमीचा भाव द्यावा. त्यासाठी दर लिटरमागे दोन-चार पैसे तुमच्या-माझ्या पिशवीवर चढवावेत. चहाच्या कपाला ते जाणवायचेही नाहीत.

हा विचार मी नानांना ऐकवला. ते धार काढीत होते. मान वर न करता म्हणाले, "द्या ना. पण आधी संघाकडून लिहून आणा, मास्तर."